वाचनाला लागलेले विघ्न

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार.

मी मराठी विषय घेऊन एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच जोडीने सेटची, म्हणजे सहायक प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेची, तयारी करते आहे. आमचे गाव परभणी जिल्ह्यात आहे. शाळेत असताना गावच्या वाचनालयातली कथा-कादंबऱ्यांची दोन्ही कपाटे मी वाचून संपवली होती. मी डी.एड. करावे असे घरच्यांना वाटत होते, तरी दिवसभर पुस्तकेच वाचायला मिळतील या आशेने मी मराठीला प्रवेश घेतला. आता मात्र कोणतेही पुस्तक उघडले की हात आपसूक हायलायटरकडे जातो. पिवळा रंग आशयासाठी, हिरवा भाषाविशेषांसाठी, गुलाबी समीक्षकांच्या मतांसाठी. अभ्यासक्रमाबाहेरचे काही वाचायला घेतले तर दहा पाने होण्याआधीच आपण वेळ वाया घालवत आहोत असे वाटू लागते आणि ते मिटून मी प्रश्नसंच उघडते.

दिवाळीत घरी गेले होते. माझी आत्या अंगणवाडी सेविका आहे. रात्रीची भांडीकुंडी आटोपल्यावर ती वाचनालयातून आणलेली कादंबरी मोठ्याने वाचते आणि आजी अंथरुणावर पडून ऐकते. एका प्रसंगाला आत्याचा आवाज दाटून आला. मी पटकन बोलून गेले, "अगं आत्या, हे सगळं बेगडी आहे. रडवायचं म्हणूनच लिहिलंय ते." आत्या काहीच बोलली नाही. तिने पानात बसचे तिकीट खूण म्हणून घातले, पुस्तक मिटले आणि दिवा मालवला. पुढचे चार दिवस मी घरी होते. तिने पुन्हा पुस्तक काढले नाही.

साहित्य शिकता शिकता मी वाचायचेच विसरले आहे का? एम.ए. झाल्यावर हा विषय सोडून द्यावा, की वाचनाच्या आनंदावर पाणी सोडून अभ्यास रेटावा?

– एके काळची वाचक

उत्तर

तुमचे पत्र वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आले की 'बसचे तिकीट' या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आहे. २८ वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवले, निवृत्तीलाही आता काही वर्षे झाली, तरी हाताची ही खोड गेलेली नाही. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते या दुखण्यातून पूर्ण बरे झालेल्या व्यक्तीचे बोल नव्हेत, हे आधीच कबूल केलेले बरे. दुसरी कबुली याहून अवघड आहे. 'आशय, अभिव्यक्ती, भाषाविशेष' हे तीन मथळे फळ्यावर लिहून तास सुरू करणाऱ्यांपैकी मीही एक होते. तुमच्या हातातले तीन रंग कोठून आले, याचा शोध घेत गेलात तर वाटेत माझ्यासारख्या शिक्षकांची घरे लागतील.

तुमचा पहिला प्रश्न आधी घेते. अभ्यासाने आनंद मरतो असे मला वाटत नाही आणि ज्या शास्त्रकारांची नावे तुम्ही सध्या पाठ करीत असाल त्यांनाही तसे वाटत नव्हते. संस्कृत काव्यशास्त्रकार अभिनवगुप्ताने सहृदय, म्हणजे खरा रसिक, कोणाला म्हणावे हे सांगताना जी व्याख्या दिली आहे ती तुम्हाला मुखोद्गत असेल. तिच्यात 'काव्यानुशीलनाभ्यासवशात्' असा शब्द आहे. काव्याचे सतत अनुशीलन आणि अभ्यास केल्याने ज्यांच्या मनाचा आरसा स्वच्छ झालेला असतो, ज्यांना वर्ण्य विषयाशी तन्मय होता येते, ते सहृदय. म्हणजे त्याच्या मते अभ्यासाने आरसा पुसला जातो. त्याच्यावर धूळ बसत नाही. आपण ही व्याख्या शिकवतो, विद्यार्थी ती उत्तरपत्रिकेत जशीच्या तशी उतरवतात आणि ती उतरवणारा हात मात्र आरसा पुसण्याऐवजी त्याच्यावर रेघा ओढत असतो, यातला विनोद फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

असाच दुसरा विनोद संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या काव्यप्रयोजनांचा, म्हणजे काव्य कशासाठी याच्या उत्तराचा. 'काव्यं यशसेऽर्थकृते' हा श्लोक, त्यातली यश, अर्थप्राप्ती, व्यवहारज्ञान, अशुभाचे निवारण, सद्यःपरनिर्वृती आणि कान्तासंमित, म्हणजे प्रियेने करावा तसा गोड, उपदेश ही सहा प्रयोजने, आणि प्रत्येकावर चार ओळी, असा हा ठरलेला प्रश्न. 'सद्यः परनिर्वृती' म्हणजे वाचता क्षणीच मिळणारा श्रेष्ठ आनंद. मम्मटाने स्वतःच्या श्लोकावर जे विवरण लिहिले आहे त्यात या पाचव्या प्रयोजनाला त्याने 'सकलप्रयोजनमौलिभूत', म्हणजे सगळ्या प्रयोजनांचा मुकुटमणी, म्हटले आहे. आमच्या गुणदानात त्याला एक षष्ठांश जागा. उत्तरपत्रिका तपासताना एखाद्या विद्यार्थ्याची सहापैकी पाचच प्रयोजने भरली की मी गळलेले कोणते ते पाहत असे, आणि पुष्कळदा हेच गळलेले असे. त्या बिचाऱ्यांचा तरी काय दोष? यश आणि पैसा यांच्यावर चार ओळी लिहिता येतात. आनंदावर काय लिहायचे?

मग तुमचे अडले कोठे आहे? याचेही उत्तर अभिनवगुप्तानेच देऊन ठेवले आहे, आणि तेही तुमच्या अभ्यासक्रमातच असण्याची शक्यता आहे. भरताच्या नाट्यशास्त्रावर सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये त्याने जी टीका लिहिली तिच्यात रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने त्याने मोजली आहेत. त्यांतले एक आहे 'निजसुखादिविवशीभाव'. प्रेक्षक नाट्यगृहात येऊन बसलेला आहे, पण मनातून तो स्वतःच्याच सुखदुःखाच्या ताब्यात आहे. घरी कोणी आजारी आहे, कोणाचे देणे द्यायचे आहे. अशा माणसाचे चित्त समोरच्या गोष्टीवर विसावणार कसे, असा साधा प्रश्न तो विचारतो. हे विघ्न ज्ञानाचे नाही, हे लक्षात घ्या. त्या प्रेक्षकाला नाट्यशास्त्र येते की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. त्याला चिंता आहे, एवढेच.

तुम्हालाही चिंता आहे, आणि ती खोटी नाही. परीक्षेचे स्वरूपच तसे आहे. पहिल्या प्रश्नपत्रिकेत ५० आणि दुसरीत १००, असे १५० प्रश्न, प्रत्येकाला २ गुण आणि दोन्ही मिळून ३ तास; म्हणजे एका प्रश्नाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात. एवढ्या वेळात विचारता येण्याजोग्या गोष्टी म्हणजे लेखक आणि ग्रंथ यांच्या जोड्या लावा, प्रकाशनवर्षांचा क्रम ओळखा, विधान बरोबर आणि कारण चूक आहे का ते सांगा. शिवाय सेट झाली तरी पुढे तासिका तत्त्वावर किती वर्षे काढावी लागतील ही धास्ती, गावाकडे 'डी.एड. केले असते तर' हे न बोलता बोलले जाणारे वाक्य, आणि वसतिगृहात शेजारच्या कॉटवरची मुलगी रात्री दोनपर्यंत दिवा लावून बसलेली. हे सगळे घेऊन तुम्ही कादंबरी उघडता आणि दहाव्या पानाशी मन रमत नाही म्हणून स्वतःला दोष देता.

या ७२ सेकंदांच्या दबावाखाली पुस्तकाचे काय होते, ते एका उदाहरणाने पाहू. 'बनगरवाडी' घ्या. व्यंकटेश माडगूळकर, १९५५, माणदेश, धनगर समाज, शिक्षक असलेला निवेदक, प्रादेशिक कादंबरी, अखेरीस दुष्काळ. एवढी माहिती पाठ असली की त्या पुस्तकावरचा जवळजवळ कोणताही वस्तुनिष्ठ प्रश्न सुटतो आणि त्यासाठी पुस्तक उघडण्याची गरज पडत नाही. आता ज्याने ते वाचले आहे त्याच्याकडे काय असते? एक कोवळा मास्तर त्या एवढ्याशा वस्तीत येतो. शाळेला मुले नाहीत, लोकांना शाळेची गरज वाटत नाही. हळूहळू ती माणसे त्याला आपला मानतात, त्याच्याकडे आपल्या अडचणी घेऊन येतात, सगळे मिळून तालीम बांधतात. पुस्तक लहानसे आहे, एका दिवसात संपेल, पण तेवढ्या वेळात वाचणाराही त्या वस्तीत राहायला गेलेला असतो. मग पाऊस दडी मारतो आणि माणसे मेंढरे घेऊन निघू लागतात. वाडी रिकामी होते. 'अखेरीस दुष्काळ' हे दोन शब्द आणि ती रिकामी वाडी यांच्यामधले अंतर कापायला पाने उलटावीच लागतात. नोट्समधून ते कापता येत नाही. तुमचे वाचन हरवले आहे ते या अंतरात. तुम्ही पुस्तकाच्या शेवटाशी आधीच जाऊन उभ्या राहता आणि तेथून मागे वळून काय काय उपयोगी पडेल ते वेचत येता.

अभिनवगुप्ताच्या विघ्नांत 'अप्रधानता' नावाचे आणखी एक आहे. जे गौण आहे त्याच्यावर चित्त ठरत नाही, असा त्याचा भाव. त्याच्या मनात नाट्यातले घटक होते. पण तुमच्या तीन रंगांच्या पानाकडे पाहून मला तोच शब्द आठवला.

माझी एक गोष्ट सांगते. पीएच.डी.चा प्रबंध लिहीत असतानाच्या तीन वर्षांत मी प्रबंधाला उपयोगी नसलेले एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचले नव्हते. घरातली वर्तमानपत्राची पुरवणीसुद्धा मी संदर्भ सापडेल या आशेने चाळत असे. एका जुलैमध्ये कोल्हापूरहून रत्नागिरीला निघाले असता आंबा घाटात ट्रक आडवा झाला आणि आमची एस.टी. चार तास जागच्या जागी उभी राहिली. पावसाने काचा धुरकटलेल्या, माझी कागदपत्रांची पिशवी टपावरच्या सामानात. शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर एक जुना दिवाळी अंक होता. त्याचे मुखपृष्ठ गेलेले, अनुक्रमणिका गेलेली. त्यांनी तो डुलकी लागण्याआधी माझ्याकडे दिला. मी मध्येच कोठेतरी उघडला तर एका कथेची पहिली दोन पाने नव्हती. त्यामुळे कथेचे नाव कळेना, लेखक कळेना, साल कळेना. ही नवकथा आहे का, ग्रामीण आहे का, स्त्रीवादी जाणिवेची आहे का, कोणत्याही खणात ठेवता येईना. एक विधवा बाई घरातले शिवणयंत्र विकायला काढते, गिऱ्हाईक येते, यंत्र चालते का पाहायचे म्हणून तिला एक चिंधी शिवून दाखवायला सांगते, आणि ती चिंधी शिवता शिवता बाई थांबतच नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, 'नको विकूस.' तीन वर्षांत पहिल्यांदा मी कथेतल्या बाईशी बोलले होते. तेवढ्यात गाडी हलली, साखरप्याला शेजारच्या बाई उठल्या आणि 'बरं येते हं' म्हणून अंक घेऊन उतरून गेल्या. यंत्र विकले गेले की नाही, मला आजही ठाऊक नाही. पुढे काही वर्षे मी तो अंक रद्दीच्या दुकानांतून शोधला, पण शोधायचा कशाच्या आधारे?

केंब्रिजमध्ये इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता वाचायला दिल्या होत्या आणि त्यांची उत्तरे घेऊन १९२९ साली पुस्तक लिहिले. विद्यार्थी किती चुकीचे वाचतात हे त्यातून दिसले, आणि तेव्हापासून आपण नीट वाचायला शिकवण्याच्या मागे लागलो. त्या घाटात माझ्याही समोरची नावे झाकलेली होती. मी ती कथा नीट वाचली की चुकीची, हे मी सांगू शकत नाही. वाचली एवढे मात्र खरे.

आता उपायाकडे येते. अभिनवगुप्ताने प्रत्येक विघ्नावर तोडगा सांगितला आहे आणि या 'निजसुखादिविवशीभावा'वरचा तोडगा मला फार शहाणपणाचा वाटतो. चिंता सोडा, मन एकाग्र करा, असला उपदेश तो प्रेक्षकाला करीत नाही. तो वाद्यांची, गाण्याची, सजवलेल्या मंडपाची, निपुण नर्तकींची योजना सांगतो. या सगळ्याने मन आधी रंगते, आणि मग जो सहृदय नाही तोही सहृदय केला जातो, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणजे बदल प्रेक्षकाच्या निर्धारात करायचा नाही, मंडपात करायचा.

तुमचा मंडप सध्या कसा आहे? वसतिगृहात टेबल एकच असते. त्याच टेबलावर प्रश्नसंच, तोच दिवा, तीच पेनांची बरणी. त्या जागेवर बसून दुसऱ्या कोणत्या पद्धतीने वाचता येईल अशी अपेक्षाच करू नका. पुस्तक घेऊन गच्चीवर जा, जिन्याच्या पायरीवर बसा, मेसमधून परत येताना आवारातल्या कट्ट्यावर थांबा. अर्धा तास पुरे. खोलीतून निघताना पेन, पेन्सिल, हायलायटर यांतले काहीही बरोबर घ्यायचे नाही, आणि मोबाइलही नाही, कारण हल्ली आपण वाक्याखाली रेघ ओढत नसलो तर त्याचा फोटो काढत असतो. एखादे वाक्य फारच आवडले तर ते परत वाचा. तरीही लक्षात राहिले नाही तर राहू द्या.

आणि हे पुस्तक महाविद्यालयाच्या ग्रंथालयातले नसावे. तेथल्या प्रतींच्या समासात आधीच्या तुकड्यांनी 'अति महत्त्वाचे', 'मागच्या वर्षी आले होते', 'टीप लिहा' असे शेरे मारून ठेवलेले असतात. त्या शेऱ्यांच्या गर्दीतून वाट काढत कोणी रमू शकत नाही. त्यापेक्षा गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हा. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अशा वाचनालयांना अनुदान मिळते आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. तुमच्या बालपणीचे दोन कपाटांचे वाचनालय बहुधा 'ड' वर्गातले असणार. या वाचनालयांच्या पुस्तकांतही खुणा असतात, पण त्या हळदीच्या बोटांच्या, चहाच्या कपाच्या आणि मधल्या पानात विसरलेल्या किराण्याच्या यादीच्या असतात. त्या वाचनाला अडवत नाहीत.

परीक्षेच्या अभ्यासाविषयीही माझे एक मत आहे, आणि ते माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांना रुचणार नाही. लेखक, ग्रंथ, वर्षे, पुरस्कार, संप्रदाय ही माहिती पाढ्यांसारखी तक्ते करून पाठ करावी, त्यासाठी सकाळचे ठरावीक तास द्यावेत आणि त्या तासांना वाचन म्हणू नये. तुमची गल्लत अशी झाली आहे की तक्त्याचे काम तुम्ही कादंबरीकडून करून घेऊ पाहता. त्यात तक्ता धड होत नाही आणि कादंबरी हातची जाते. एम.ए.ला नेमलेल्या पुस्तकांच्या बाबतीत मात्र पहिले वाचन रिकाम्या हाताने, शेवटपर्यंत, आणि दुसरे वाचन पेन्सिल घेऊन, असा क्रम ठेवा. वेळ जास्त लागेल असे वाटते, पण जिचा शेवट आपल्याला खरोखर लागला आहे अशा कादंबरीवर लिहिताना गाईडची वाक्ये शोधत बसावे लागत नाही. अशी उत्तरे तपासताना मला दुसऱ्या परिच्छेदातच ओळखू येत असत. त्यांत 'लेखकाने समाजाचे वास्तव चित्रण केले आहे' हे वाक्य नसे.

अभ्यास आनंदाच्या आड येत नाही असे मी वर म्हटले. त्याचा एक पुरावा देते, नाहीतर ते नुसते शास्त्रवचन राहील. ओवीचे लक्षण तुम्ही पाठ केले असेल: पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड आणि बहुधा यमकावाचून. आता ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी मोठ्याने म्हणा. 'ॐ नमो जी आद्या । वेदप्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥' आद्या, प्रतिपाद्या, स्वसंवेद्या असे तीन पायऱ्या चढल्यासारखे होते आणि मग 'आत्मरूपा' या चार अक्षरांवर पाऊल सपाट जमिनीवर टेकते. लक्षण ठाऊक नव्हते तेव्हाही ती ओवी मला गोड लागत असे. ठाऊक झाल्यावर त्या चौथ्या चरणाशी मी मुद्दाम थांबू लागले आणि तो थांबा हे माझे स्वतःचे सुख झाले. गेली कित्येक वर्षे ते कमी झालेले नाही. पण तुम्ही हे लक्षण आधी हिरव्या रंगाने रंगवाल आणि ओवी मोठ्याने म्हणणारच नाही, तर त्या रंगाचा उपयोग कोणाला?

एक गोष्ट परत येणार नाही, तीही सांगून टाकते. अकराव्या वर्षी वाचनालयाच्या पायरीवर बसून तुम्ही जसे वाचत होतात तसे आता वाचता येणार नाही. तेव्हा पुस्तक कोणीतरी लिहिलेले असते हेच तुम्हाला माहीत नव्हते. ते नुसते घडत होते. ते दिवस गेले. ज्यांनी साहित्य शिकलेले नाही त्यांचेही ते जातात, फक्त त्यांना त्यासाठी एम.ए.ला दोष देता येत नाही.

'वेळ वाया जातो' या भावनेबद्दल थोडे. तुम्ही लिहिलेले नाही, पण मला दाट शंका आहे की वेळाच्या अपराधभावनेखाली आणखी एक लाज दडलेली आहे: साहित्याच्या विद्यार्थ्याने हलकेफुलके वाचू नये ही. मी विद्यार्थिनी असताना बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा उशीखाली ठेवून वाचत असे, आणि अध्यापिका झाल्यावर त्या आपण कधी हातीही धरल्या नाहीत असे चारचौघांत भासवत असे. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या त्या माणसाने महाराष्ट्रातल्या किती जणांना पुस्तक खाली न ठेवण्याची सवय लावली, हे आमच्या वाङ्मयेतिहासाच्या पेपरात मला कधी विचारता आले नाही. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत ही प्रथा रुजली. त्या मासिकाचे नाव काय होते तेवढे पाहा. तेव्हा या सुट्टीत एक दिवाळी अंक, एक रहस्यकथा, जे जडजंबाल नाही असे काहीही घ्या. वर्षाला ५० पुस्तकांचा संकल्प वगैरे केला असेल तर तो मोडा. मोजणे हीही परीक्षाच आहे, आणि तुमच्याकडे एक परीक्षा आहे तेवढी पुरे.

विषय सोडण्याचा विचार तूर्त नको. एम.ए. पूर्ण करा, सेटही द्या. चिंतेने ग्रासलेल्या महिन्यांत घेतलेल्या निर्णयांवर माझा विश्वास नाही, आणि तुमच्या पत्रातले बसचे तिकीट मला वेगळेच काही सांगते. आत्याने खूण म्हणून काय घातले हे ज्या मुलीच्या नजरेतून सुटले नाही आणि जिने ते पत्रात कोणी न विचारता लिहिले, ती वाचायचे विसरलेली नाही. त्या रात्री तुमचे लक्ष पुस्तकापेक्षा आत्याकडे होते, आणि ते बरोबरच होते.

राहता राहिली ती कादंबरी. ती बेगडी असेलही. तुमचे मत चुकीचे आहे असे मी म्हणत नाही, कारण मी ती वाचलेली नाही. पण पोथी लावणाऱ्याला कोणी मध्येच थांबवून ओवीतला दोष दाखवत नाही. तुमच्या आत्याचे ते वाचन त्याच परंपरेतले आहे: एकीने वाचायचे, दुसरीने पडून ऐकायचे. तिच्या दिवसभराच्या कामानंतर तिने आपला मंडप स्वतः घातला होता, आजी त्यात होती, तुम्हीही होतात, आणि तुम्ही दिवा मालवायला लावलात. हे लिहिताना मला कठोर व्हायचे नाही; मी असे दिवे वर्गात पुष्कळ मालवले आहेत.

संक्रांतीला घरी जाणार असाल तर आत्याची माफी वगैरे मागत बसू नका. ती 'काय गं, एवढ्याशा गोष्टीचं' म्हणून विषय बदलेल आणि तुम्हा दोघींनाही अवघडल्यासारखे होईल. रात्री भांडी विसळायला तिच्या शेजारी बसा. ती कादंबरी वाचनालयात परत गेली असेल तर दिवसा जाऊन तीच पुन्हा घेऊन या. मग ते तिकीट जेथे घातले होते त्या प्रसंगापर्यंत काय काय झाले ते आत्याला विचारा आणि तिला सांगू द्या. मध्ये बोलू नका. सांगून झाले की पुस्तक तिच्या हातात द्या, आजीच्या अंथरुणाच्या कडेला जागा करून घ्या आणि तिला म्हणा, पुढचे वाच.